मनाच्या आजाराची औषधे : एकाला दुसरे जोडण्यापूर्वी



फवारणीचे दिवस आले की एक प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, ही दोन औषधे एका पंपात चालतील का?" प्रश्न रास्त आहे. न जुळणारी औषधे एकत्र केली तर कधी द्रावण फाटते, कधी पाने करपतात. कधी दोन बाटल्यांवर नावे वेगळी, पण आत घटक एकच निघतो आणि पैसा मात्र दुप्पट जातो. कपाशीच्या पानासाठी आपण एवढी चौकशी करतो. घरातल्या आजारी माणसाच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन औषधे एकदम जातात तेव्हा मात्र ती एकमेकांना चालतात का, हे विचारायचे राहून जाते. मनाच्या आजारात तर हे फार घडते, कारण त्या आजाराविषयी चारचौघांत बोलायलाच आपल्याला संकोच वाटतो.

मी शेतकीचा माणूस, डॉक्टर नव्हे. कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि हा लेख वाचून कोणी गोळ्या कमी-जास्त करू नयेत. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगावे, काय विचारावे आणि घरी कशावर नजर ठेवावी, एवढे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

ही औषधे कोणती?

कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे असा पक्का संशय बसणे, बोलण्यात मेळ न राहणे, अशा आजाराला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. मन कधी उधाणते तर कधी पार खचते, असाही एक आजार आहे. या आजारांत एका विशिष्ट गटातील औषधे देतात. लेखापुरते आपण त्यांना भ्रमावरील औषधे म्हणू. क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, फ्लुफेनाझिन ही त्यांतली जुनी. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अ‍ॅरिपिप्राझोल, क्लोझापिन ही नव्या पिढीची.

या औषधांची कुळकथा शेतकऱ्याला जवळची वाटेल. फिनोथायझिन नावाचे रसायन १९३० च्या दशकात कीटकनाशक म्हणून पुढे आले आणि नंतर मेंढ्या-गुरांच्या पोटातील जंतांवर वापरले गेले. त्याच कुळातले क्लोरप्रोमाझिन १९५० साली फ्रान्समध्ये तयार झाले. १९५२ साली पॅरिसच्या डॉ. देले आणि डॉ. देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना देऊन त्याचा गुण दाखवून दिला. त्याआधी १९३१ साली आपल्याच देशात डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होतो, असे लिहिले होते. म्हणजे या आजाराला खरे औषध आहे. अंगारे-धुपारे आणि साखळदंड यांवाचून दुसरा इलाज नाही, ही समजूत आता सोडली पाहिजे.

एकाने भागते तेथे दुसरे कशाला?

मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवते. निरोप घेण्याच्या ठराविक जागा असतात. भ्रमावरील बहुतेक औषधे या जागा अडवून बसतात. तपासण्यांत असे दिसले की, साधारण ६५ टक्के जागा अडल्या म्हणजे बऱ्याच रोग्यांना गुण येऊ लागतो. प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले की गुण फारसा वाढत नाही, मात्र हातपाय ताठणे आणि कापणे सुरू होते. क्लोझापिनसारख्या एखाद्या औषधाची रीत थोडी निराळी आहे, पण बाकीच्यांपैकी बहुतेकांना हा हिशेब लागू पडतो.

पिकाला नत्र पुरेसे मिळाल्यावर युरियाचे आणखी एक पोते टाकले तर कणसात दाणे वाढत नाहीत. पीक माजते, लोळते आणि किडीला बोलावणे जाते. एक औषध पुऱ्या मात्रेत चालू असताना त्याच जातीचे दुसरे दिले तर बहुधा असेच होते. गुणाची बेरीज होत नाही, त्रासाची मात्र होते. शिवाय बहुतेक औषधांच्या चाचण्या एकेकट्या झालेल्या आहेत. दोन औषधांच्या जोडीचा असा कसून अभ्यास त्यामानाने थोडा झाला आहे.

दुसरे औषध घरात कसे शिरते?

पहिली वाट अर्धवट राहिलेल्या बदलाची. डॉक्टर जुने औषध काढून नवे देऊ लागतात. जुने एकदम तोडायचे नसते म्हणून काही आठवडे दोन्ही चालतात, एक उतरते तर दुसरे चढते. मध्येच माणसाला बरे वाटते, सुगी येते, जाणे राहून जाते. घरचे जुन्याच चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या आणत राहतात. चार आठवड्यांची सोय अशी चार वर्षे चालते.

दुसरी वाट दोन डॉक्टरांची. समजा, धाकट्या दिराला तालुक्याच्या डॉक्टरांचे औषध चालू आहे. गुण लवकर दिसेना म्हणून थोरल्या भावाने त्याला शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. पहिली चिठ्ठी घरीच राहिली. दुसऱ्यांनीही रिस्पेरिडोनच लिहिले, पण वेगळ्या कंपनीचे. गोळीचा रंग वेगळा, नाव वेगळे, म्हणून घरी दोन्ही सुरू. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव पाहू नका, त्याखाली बारीक अक्षरात असलेले मूळ घटकाचे नाव पाहा. एकाच गोळीत दोन घटकही असू शकतात. रिस्पेरिडोन आणि ताठरपणावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल एकत्र असलेल्या गोळ्या बाजारात मिळतात. वरून ट्रायहेक्सिफेनिडिलची वेगळी गोळी दिली की त्याची मात्रा नकळत वाढते.

तिसरी वाट सुईची. फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलची लांब मुदतीची सुई साधारण दोन ते चार आठवड्यांनी देतात आणि तिचा अंमल कित्येक आठवडे राहतो. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" असे डॉक्टरांनी विचारले तर घरचे खरे तेच सांगतात : "काही नाहीत." सुईचे नाव निघतच नाही आणि नवी गोळी तिच्यावर चढते.

चौथी वाट सर्वांत लपलेली. चक्कर येते म्हणून दिलेले प्रोक्लोरपेराझिन हे क्लोरप्रोमाझिनच्याच कुळातले आहे. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइडही डोपामिनच्याच जागा अडवते. पोटातील जळजळ आणि गॅस यांसाठी मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड असते. तेही याच गटातले, फक्त मात्रा कमी. ज्याला आधीच भ्रमावरील औषध चालू आहे, त्याला पोटाच्या कॅप्सूलने अंग जड झाले, हात कापू लागले, तर घरच्यांना त्याचे कारण कसे कळावे? तेव्हा ताप, पोटदुखी, चक्कर यांसाठी कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही.

त्रासाला आजार समजू नका

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. या औषधांचे काही त्रास आजारासारखेच दिसतात. औषध जास्त झाले म्हणजे माणसाला एका जागी बसवत नाही. तो येरझारा घालतो, पाय हलवतो, रात्री उठून अंगणात फिरतो. घरचे म्हणतात, वेड वाढले. डॉक्टरांनाही ते तसेच सांगतात. मग औषध वाढते किंवा दुसरे जोडले जाते आणि बेचैनी आणखी वाढते. तसेच दिवसभर झोप येणे, चेहरा निर्विकार होणे, लाळ गळणे, चाल मंदावणे यांना घरचे आळस म्हणतात. तरणा मुलगा औत धरीना म्हणून त्याला बोलणी बसतात. तो आळशी नसतो, त्याचे अंगच औषधाने जखडलेले असते.

ताठरपणा घालवायला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. त्याचा उपयोग होतो, पण त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, विसराळूपणा येतो. बद्धकोष्ठावर मग रेचक. एकाच्या त्रासावर दुसरे, दुसऱ्याच्या त्रासावर तिसरे, अशी माळ लांबत जाते आणि एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते. म्हणून डॉक्टरांना "वेड वाढले" असे मोघम सांगू नका. जे दिसले ते सांगा : कधीपासून, गोळी घेतल्यावर किती वेळाने, कोणती गोळी बदलल्यानंतर.

काही त्रास सावकाश येतात. वजन आणि रक्तातील साखर वाढते; ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी विशेष. बायकांची पाळी चुकते किंवा बाळ नसताना अंगावर दूध येते. हे रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी होते. काही औषधांनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि तशी दोन औषधे एकत्र आली तर धोका वाढतो. म्हणून दोन औषधे चालू असणाऱ्याचा ई. सी. जी. काढावा का, साखर कधी तपासावी, हे डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षे औषध चालले की काहींचे ओठ, जीभ, जबडा आपोआप हलू लागतात. हे लवकर लक्षात आले तर बरे; उशीर झाला तर कायमचे राहू शकते.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र उद्यावर टाकू नका. जोराचा ताप, अंग लाकडासारखे कडक, दरदरून घाम आणि भान हरपणे, हे एकत्र दिसले तर जिवाला धोका असतो. पुढची गोळी देण्याआधी मोठा दवाखाना गाठा. मान वाकडी होऊन अडकली किंवा डोळे वर लागले तर तो करणीचा प्रकार नव्हे, औषधाचा आहे. दवाखान्यात योग्य सुई दिली की बहुधा लवकर उतरतो. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, लघवी तुंबणे, किंवा क्लोझापिन चालू असताना काही दिवस शौचास न होऊन पोट फुगणे व उलट्या होणे, या सगळ्यांत तातडीने जावे. जाताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून बरोबर न्यावीत.

दोन औषधे कधीच देऊ नयेत का?

असे नाही. जाणत्या मनोविकारतज्ज्ञाने विचार करून दोन औषधे दिलेली असतात तेव्हा त्याला कारण असते. बदलाचा काळ हे एक. दुसरे औषध पहिल्याचा एखादा त्रास कमी करण्यासाठीही असते. पाळी चुकणे किंवा दूध येणे यावर कधी अ‍ॅरिपिप्राझोल जोडतात. आणि काही रोग्यांना एकट्या क्लोझापिननेही पुरेसा उतार पडत नाही.

क्लोझापिनची हकीकत सांगितली पाहिजे. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम घटल्या आणि काही जण दगावले. अनेक देशांत औषध मागे पडले. पण इतर औषधांनी न सुधारलेल्या रोग्यांना त्याने गुण येतो, असे १९८८ साली एका मोठ्या चाचणीत दिसले आणि १९८९ साली अमेरिकेत रक्ततपासणीच्या अटीवर त्याला परवानगी मिळाली. आजची सर्वमान्य रीत अशी : आधी एक औषध पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे, न चुकवता द्यायचे. गुण नाही आला तर ते बदलून दुसरे. दोन औषधे अशी एकामागून एक नीट वापरूनही भागले नाही, तर दोघांची मोट बांधण्याआधी क्लोझापिनचा विचार करायचा. ते घेणाऱ्याने रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. सुरुवातीला त्या दर आठवड्याला असतात. ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन त्याच्याबरोबर सहसा देत नाहीत, कारण पांढऱ्या पेशी तेही घटवू शकते.

जोडीच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडचे पुरावे आहेत. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन औषधे घेणाऱ्या १२७ रोग्यांपैकी काहींची जोडी तशीच ठेवली आणि काहींना एकाच औषधावर आणले. एकावर आणलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सहा महिन्यांनंतरही त्या एकावरच टिकून होते आणि या गटाचे वजनही उतरले. मात्र उरलेल्या एक-तृतीयांशाला तसे टिकता आले नाही. उलट २०१९ साली फिनलंडमधील ६२,२५० रोग्यांच्या नोंदींवरून असे दिसले की, क्लोझापिन आणि अ‍ॅरिपिप्राझोल ही जोडी घेणाऱ्यांना दवाखान्यात पुन्हा दाखल होण्याची वेळ सर्वांत कमी आली. म्हणजे अनेकांची सुटका एका औषधावर होऊ शकते आणि काहींना जोडी खरेच लागते. आपले माणूस यांपैकी कोणत्या गटात, हे वाचून ठरत नाही. डॉक्टरांनी पाहून, हळूहळू अजमावून ते ठरवायचे असते.

म्हणून आजच घरी जाऊन एक गोळी बंद करू नका. औषध एकदम तोडले तर आवाज, संशय परत येऊ शकतात, झोप उडते, उलट्या-मळमळ होते. क्लोझापिन एकदम सोडणे तर फार जोखमीचे. कमी करायचे ते डॉक्टरांनी, एका वेळी एक, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने. आणि शक्यतो पेरणी, लग्नकार्य अशी ओढाताण नसेल तेव्हा. घरात कोणी गरोदर असेल तर घाबरून औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे.

शेतावर काय सांभाळावे?

या औषधांनी अंगातील उष्णता आवरण्याची शक्ती कमी होते. ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो. दोन्ही चालू असलेल्या माणसाला वैशाखाच्या उन्हात भर दुपारी नांगरट किंवा काडी-कचरा वेचायला लावू नका. काम सकाळी किंवा उन्हे कलल्यावर द्या, पाणी वरचेवर पाजा. गोळी घेऊन उभे राहताना भोवळ येते, म्हणून विहिरीच्या काठावर, झाडावर, मळणी यंत्रापाशी किंवा ट्रॅक्टरवर त्याला एकटे पाठवू नये.

क्लोरप्रोमाझिनच्या माहितीपत्रकातच असा इशारा दिलेला असतो की, सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्यांना ते जपून द्यावे. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही आपल्या ओळखीची नावे त्याच गटातली. तेव्हा या औषधांवर असलेल्या माणसाकडे फवारणीचे काम नकोच. कीटकनाशके घरात न ठेवता बाहेर कुलपात ठेवा आणि मनाच्या आजाराच्या गोळ्याही एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असू द्या.

विडीचीही गोष्ट लक्षात ठेवा. विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. डॉक्टरांनी मात्रा विडीसकट बसवलेली असते. विडी अचानक सुटली तर तीच मात्रा जास्त होते. विडी जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. दारूने या औषधांची गुंगी वाढते. आणि कोणी सर्पगंधेची मुळी किंवा चूर्ण वरून देत असेल तर तेही सांगा, कारण ती नुसती पालामुळी नव्हे. तिच्याने रक्तदाब उतरतो आणि मन खचू शकते.

एक वही करा

दोन रुपयांच्या खताचा हिशेब आपण मांडतो, तसा औषधाचाही मांडावा. साध्या वहीत लिहा : औषधाच्या घटकाचे नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा, कोणी व कशासाठी दिले, कधी सुरू झाले, शेवटची सुई कोणत्या तारखेला. महिन्याला वजन लिहा. नवीन त्रास दिसला तर तारीख घाला. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर हे काम ती चोख करील. ही वही प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा. औषधे अनेक असली तरी ती सगळी एकत्र पाहणारा डॉक्टर मात्र एकच असावा.

दोन औषधे दिली गेली तर नम्रपणे पाच प्रश्न विचारा. दुसरे औषध कशासाठी? पहिले चालू ठेवायचे की कमी करत जायचे? दोन्ही किती दिवस? कोणत्या तपासण्या आणि कधी? कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे? यात डॉक्टरांचा अवमान नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला आपल्या आजाराची, उपचाराची आणि औषधाच्या ठाऊक असलेल्या त्रासांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. आपल्या उपचाराचे कागदही त्याला मागता येतात.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांच्या विभागाची चौकशी करा. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळीला. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते, आणि तेही मराठीतून.

आजारी माणसाला स्वतःलाही विचारत चला, "तुला या गोळीने कसे वाटते?" पुष्कळ घरांत हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात नाही. अंग जखडले आहे, आत तगमग होते आहे, हे प्रथम त्यालाच कळते. त्याने सांगितलेले वहीत उतरवले तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना औषध बसवणे सोपे जाते.